रात्रपाळीतील परिचारिका : झोप, जेवण आणि मन

मानसिक आरोग्याची चर्चा बहुधा आजारापासून सुरू होते आणि औषध किंवा समुपदेशन यांपाशी येऊन थांबते. परंतु ज्यांना वर्षानुवर्षे पाळ्यांमध्ये काम करावे लागते, त्यांचे मन सावरते किंवा खचते ते पुष्कळदा कधी झोपायचे, कोणाबरोबर जेवायचे, घरी परतल्यावरचा पहिला तास कसा घालवायचा अशा अगदी रोजच्या गोष्टींमुळे. महाराष्ट्रातील शासकीय आणि महानगरपालिकांच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकांच्या रात्रपाळीकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कागदोपत्री त्यांचे पदनाम ‘अधिपरिचारिका’ असे चालत आले असले, तरी कक्षात त्यांना सगळे ‘सिस्टर’ म्हणतात, आणि रात्रीच्या कामाला त्या स्वतः ‘नाईट’ म्हणतात : नाईट लागली, नाईट संपली, नाईट ऑफ मिळाला. सकाळची किंवा दुपारची पाळी साधारण सहा-सात तासांची असते. रात्रपाळी मात्र बहुतेक ठिकाणी रात्री आठच्या सुमारास सुरू होऊन सकाळी साडेसात-आठपर्यंत चालते, आणि दिवसा अनेकजणी मिळून ज्या कक्षाचे काम ओढतात, त्याच कक्षाचा भार रात्री एखाद-दुसरीवर येऊन पडतो.

रात्रीच्या कामाचा त्रास कायद्याला ठाऊक नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ६६ नुसार स्त्रियांना सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात कामाला ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई होती. रुग्णालय हा कारखाना नव्हे, त्यामुळे परिचारिकेला ही तरतूद लागू झाली नाही, आणि रुग्णाला रात्री एकटे सोडता येत नाही हे उघड असल्याने ती लागू व्हावी असा आग्रहही कोणी धरला नाही. परंतु यातून एक गोष्ट आपोआप ठरून गेली : परिचारिकेची रात्र हा पेशाचा भागच आहे, आणि ती कशी काढायची हे तिने ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे पाहून पाहून शिकायचे. ‘होईल हळूहळू सवय’ हे वाक्य नव्या मुलीला पहिल्याच नाईटला ऐकायला मिळते. ते धीर देण्यासाठी म्हटलेले असते, आणि ते अर्धे खरेही असते. कारण रात्री जागण्याची सवय होते, पण दिवसा झोपण्याची सवय बहुतेकींना नोकरी संपेपर्यंत होत नाही.

याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, काही हजार चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असतो; झोप, शरीराचे तापमान, भूक आणि अनेक संप्रेरकांचे स्रवणे यांची सुमारे चोवीस तासांची लय तो राखतो, आणि या व्यवस्थेला जैविक घड्याळ असे म्हणतात. पेशींमधील जनुके ही लय कशी चालवतात हे उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या संशोधकांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लावले जाते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढू लागते, पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते, आणि सकाळच्या उन्हाने घड्याळ पुन्हा जुळवून घेतले जाते. आठवडाभर नाईट केल्याने ते उलटे फिरत नाही. थोडेसे सरकते आणि नाईट संपताच परत मागे येते.

आता पहाटे चारच्या सुमाराला कक्षात काय चालू असते ते पाहिले, म्हणजे या शारीरिक सत्याचा अर्थ कळतो. मध्यरात्रीनंतर थोडे शांत झालेले काम याच वेळी पुन्हा वेग घेते. रक्ताच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर नावे घालायची असतात, ज्यांचे सकाळी ऑपरेशन आहे त्यांनी पाण्याचा घोटही घेतलेला नाही ना हे विचारायचे असते, तापमान, नाडी आणि श्वास यांचा तक्ता भरायचा असतो, लघवीच्या पिशव्या रिकाम्या करून रात्रभराचे माप लिहायचे असते, आणि सहाच्या इंजेक्शनांची ट्रॉली लावायची असते. शरीर सर्वांत सुस्त असण्याच्या घडीलाच सर्वाधिक अचूकपणा मागितला जातो. अनुभवी परिचारिका अशा वेळी औषधाचे नाव आणि मात्रा मोठ्याने वाचते, दुसरी सिस्टर हजर असल्यास बाटली तिच्यासमोर धरते, आणि इंजेक्शन दिल्याबरोबर, पुढच्या खाटेकडे वळण्यापूर्वीच, तक्त्यावर सही करते. ही शिस्त रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी म्हणून शिकवली जाते आणि तशी ती आहेच; पण परिचारिकेच्या मनाला ती किती वाचवते याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या परिचारिकेने नोंदी ‘मागाहून एकदम लिहू’ म्हणून ठेवलेल्या असतात, तिला सकाळी घरी अंथरुणावर पडल्यावर अकराव्या खाटेचे इंजेक्शन दिले की नाही, ‘ओव्हर’ देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे कक्ष सोपवताना, तिसऱ्या खाटेच्या रक्ताचे सांगितले की राहिले, हे आठवत राहते. ती उठून कक्षात फोन लावते, उत्तर बरोबर मिळाले तरी धडधड लगेच थांबत नाही, आणि आधीच तोकडी असलेली झोप आणखी तोकडी होते. काम कामाच्या जागी संपवून घरी येण्याची जी मानसिक मुभा इतर पेशांत लोक गृहीत धरतात, ती येथे नोंदवहीतल्या एका ओळीवर अवलंबून असते.

झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेचे जे प्रारूप मांडले, त्यानुसार झोप दोन गोष्टींवर ठरते : जागे राहिल्याच्या तासांबरोबर साचत जाणारा झोपेचा दाब, आणि जैविक घड्याळ त्या वेळी देत असलेला जागृतीचा इशारा. नाईट करून सकाळी साडेनऊला आडवी झालेली परिचारिका पाठ टेकताच गाढ झोपते, कारण दाब फार साचलेला असतो. पण बारा-साडेबाराला ती टक्क जागी होते, कारण घड्याळाच्या लेखी ती भर दुपार असते. थकवा तसाच आणि झोप मात्र संपलेली, अशा अवस्थेत उरलेला दिवस जातो. सलग काही दिवस असे झाले की चिडचिड वाढते, एरवी हसण्यावारी नेलेली गोष्ट मनाला लागते, मुलाने दुसऱ्यांदा काही विचारले तरी आवाज चढतो, आणि मग एकटे बसल्यावर त्याचे वाईट वाटते. यातली सर्वांत दुःखाची बाब अशी की झोपेच्या तुटीने झालेला हा बदल परिचारिकेला स्वतःला स्वभावाचा दोष वाटू लागतो, घरच्यांनाही तसेच वाटते, आणि ‘पूर्वी अशी नव्हती’ हा शेरा दोन्ही बाजूंनी मान्य होऊन बसतो.

चहाचा प्रश्न छोटा असला तरी टाळण्यासारखा नाही. चहा-कॉफीतले कॅफिन मेंदूत साचणाऱ्या अॅडिनोसिन या द्रव्याचा परिणाम अडवते, म्हणून तरतरी येते. परंतु घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मे पाच-सहा तासांनंतरही शरीरात असते. रात्री दहाचा चहा कामाला उपयोगी पडतो, पहाटे चारचा चहा मात्र सकाळच्या झोपेतून वजा होतो. जुन्या सिस्टर दोननंतर चहा घेत नाहीत, काही घेतलेच तर दूध किंवा कोमट पाणी घेतात, आणि हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नसते. तरीही पहाटेच्या चहाला सरसकट नाही म्हणणे बरोबर होणार नाही, कारण तो पुष्कळदा चहासाठी नसतोच. शेजारच्या कक्षातली सिस्टर पाच मिनिटे येऊन टेकते, कक्षातली मदतनीस मावशी गाळणे घेऊन उभी असते, आणि रात्रभर फक्त सूचना आणि विव्हळणे ऐकलेल्या कानांवर साधे बोलणे पडते. कपात काय आहे ते बदलावे. ती पाच मिनिटे जाऊ देऊ नयेत.

रात्रीच्या डब्याचेही असेच आहे. रात्री पचन मंदावते आणि रक्तातील साखर आवरण्याची शरीराची क्षमता कमी होते, म्हणून एक-दीड वाजताचे जड जेवण टाळावे आणि मुख्य जेवण घरून निघण्यापूर्वी करावे, हे आहारशास्त्राचे म्हणणे योग्यच आहे. पण ज्या कक्षांत दोघी-तिघींचे डबे एकत्र उघडले जातात तेथे नव्या मुली टिकतात, आणि जेथे प्रत्येकजण वेळ मिळेल तसे उभ्याने खाते तेथे त्या बदली मागतात, असा या पेशात पुष्कळांचा अनुभव आहे.

रात्रपाळीची खरी परीक्षा रुग्णालयाबाहेर, घरी होते. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खूण मिळते, म्हणून बस किंवा लोकलने येणाऱ्या काहीजणी छत्री किंवा गडद चष्मा वापरतात. दुचाकी चालवणारीने मात्र डोळ्यांसमोर अंधार करण्याच्या फंदात पडू नये, उलट निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे डुलकी काढावी, कारण नाईटनंतरचा रस्ता हा झोपेच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो. दार उघडून आत आल्यावर घर नेमके जागे झालेले असते. घंटागाडी गाणे वाजवत गल्लीत येते, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, शेजारी मिक्सर फिरत असतो, कुरिअरवाला बेल दाबतो, आणि गावाकडच्या आत्याबाई ‘आता घरीच असशील ना’ म्हणून निवांत फोन लावतात. झोपेचे खोबरे होण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. त्यातच मुलांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, भिजत घातलेले कपडे हे सारे तिच्या वाटेकडे डोळे लावून असते. ‘दिवसभर घरीच तर असते’ हे वाक्य नाईट करणाऱ्या बाईबद्दल ज्या सहजतेने बोलले जाते, ती सहजता तिच्या मनाला कामाच्या ताणापेक्षा अधिक लागते. रात्री काम करणाऱ्या पुरुष परिचारकाला घरात दार लोटून झोपू दिले जाते. स्त्रीच्या बाबतीत तेच झोपणे आळसात मोजले जाते, आणि हा फरक अन्यायाचा आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अनावश्यक आवाज आणि पहिल्या झोपेत मोडता घालणे रुग्णाला किती अपाय करते, हे त्यांनी तेथे पोटतिडकीने मांडले. रुग्णासाठी हा नियम पाळायला शिकलेली परिचारिका स्वतःसाठी तो मागताना संकोचते. ज्या घरांत हा संकोच मोडला गेला तेथे उपाय साधेच आहेत : बेलचे बटण सकाळी बंद करायचे, खिडकीला जाड पडदा किंवा जुनी चादर लावायची, फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायचा, आणि घरातली पहिली कामे तिने येण्याआधी कोणीतरी उरकायची. सलग सात तास झोप येत नसेल तर सकाळी नऊ ते एक आणि पुन्हा कामावर निघण्यापूर्वी सायंकाळी तास-दीड तास अशी दोन तुकड्यांतली झोपही चालते. सुटीच्या दिवशी लय पूर्ण मोडू नये म्हणून काहीजणी सकाळचे काही तास, जे नाईट असो वा नसो झोपेत घालवता येतील, ठरवून टिकवतात.

परंतु सवयी एकट्या माणसाच्या हातात असतात असे मानून सगळा भार परिचारिकेवरच टाकणे योग्य नाही. तिच्या सवयी ड्युटी लिस्ट ठरवते. माणसाचे जैविक घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालते, त्यामुळे झोप पुढे ढकलणे अलीकडे ओढण्यापेक्षा सोपे जाते, आणि म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पाळ्यांचा क्रम शरीराला मानवतो. प्रत्यक्षात दुपारची पाळी करून रात्री उशिरा घरी पोहोचलेल्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलावले जाते, आणि लिस्ट आयत्या वेळी लागल्यामुळे घरी कोणी थांबायचे याची जुळवाजुळव शेवटच्या रात्रीपर्यंत चालू राहते. ही अनिश्चितता कामाच्या श्रमापेक्षाही अधिक झिजवते. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैविक लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाचा समावेश बहुधा कर्करोगकारक गटात केला आणि २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाबाबत तोच निष्कर्ष कायम ठेवला. पाळीत काम करणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात हेही अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवले आहे. एवढे माहीत असताना लिस्ट पंधरा दिवस आधी लावणे ही मेहेरबानी मानली जाऊ नये.

रात्रीचा आणखी एक अनुभव झोपेशी संबंधित नाही, पण मनावर तो सर्वांत खोल जातो. कक्षातले मृत्यू रात्रीही होतात आणि तेव्हा आसपास माणसे थोडी असतात. डॉक्टरांनी मृत्यू घोषित केल्यावर नळ्या काढणे, शरीर पुसून स्वच्छ करणे, डोळे मिटवणे, नावाची पट्टी बांधणे, नातेवाइकांना सावरणे आणि कागदपत्रे पुरी करणे हे सारे परिचारिका आणि मामा-मावशी मिळून करतात. त्यानंतर चादर बदलली जाते आणि कॅज्युअल्टीतून त्याच खाटेवर दुसरा रुग्ण येतो. मधल्या वेळात दुःखाला जागा नसते. ब्रिटिश मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी १९६० मध्ये लंडनमधील एका रुग्णालयाच्या परिचर्या सेवेचा अभ्यास प्रसिद्ध करताना असे दाखवले की कामाचे तुकडे करणे, रुग्णाला नावाऐवजी खाटेने किंवा अवयवाने ओळखणे, या कक्षातील रीती खरे तर मृत्यू आणि वेदना यांच्या सान्निध्यातून येणारी भीती दूर ठेवण्यासाठी रुजलेल्या असतात, आणि त्या रीतींमुळे भीती तात्पुरती टळली तरी ती सोसण्याची ताकद वाढत नाही. ‘सहा नंबर गेला’ असे म्हणणारी परिचारिका निष्ठुर नसते. ती पुढच्या खाटेकडे जाऊ शकावी म्हणून तसे म्हणते. मात्र काही कक्षांत ओव्हर देताना गेलेल्या माणसाचे नाव घेतले जाते, शेवटच्या तासांत काय घडले ते दोन वाक्यांत सांगितले जाते, आणि ऐकणारी इन्चार्ज ‘तू जमेल ते केलेस’ एवढे बोलते. हे दोन मिनिटांचे बोलणे घरी नेले जाणारे ओझे पुष्कळ हलके करते, आणि त्यासाठी कोणत्याही योजनेची मंजुरी लागत नाही.

रुग्णाला आपले माणूस मानण्याच्या सवयीला काय बळ असते याचे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये, काम संपवून कपडे बदलत असताना, रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला; त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, जवळपास बेचाळीस वर्षे, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. ज्या मुली या घटनेच्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या त्यांनीही त्यांना आपली मानले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निर्णयात रुग्णालयातील या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे खरे आप्त म्हणून मान दिला. त्याच प्रकरणाची दुसरी बाजू विसरता येत नाही : रात्री उशिरा कपडे बदलण्यासाठी, पाठ टेकण्यासाठी कडी लागणारी, दिवा असलेली खोली ही परिचारिकेच्या मनःस्वास्थ्याची पहिली अट आहे, आणि ती आजही सर्वत्र नाही.

थकवा कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो हे ओळखणे अवघड असले तरी अशक्य नाही. नाईट संपून दोन-तीन रात्री नीट झोप मिळाल्यावर जी उदासी ओसरते ती बहुधा थकव्याची असते. पण ऑफ मिळूनही झोप येत नाही, आवडत्या गोष्टीत रस वाटत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहते आणि हे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चालते, तेव्हा ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. परिचारिका येथे अडखळते ती अज्ञानाने नाही. आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे राहिले तर दुपारपर्यंत सगळ्या कक्षांत कळेल, ही तिची भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. पहाटे तीन वाजताही तेथे कोणीतरी जागे असते.

ज्या घरात नाईट करणारी परिचारिका आहे, त्या घराने एवढे करावे : सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत बेल बंद ठेवावी, तिचा फोन उचलून ‘झोपली आहे, दुपारी बोला’ असे न कचरता सांगावे, आणि ती उठेपर्यंत घरातले कोणतेही काम तिच्यासाठी राखून ठेवू नये.